मचाणाखालचं क्रेट

लाईट यायला अजून अवकाश आहे. शेतीची वीज आपल्याला रात्रीच मिळणार, आणि तीही त्यांच्या मनात येईल तेव्हा. तोवर या मोटारीच्या खोलीपाशी बसून करायचं काय? ओम, तो मोबाईल खिशात घाल आधी. मघाशी तू म्हणालास ना, बांधावर कोंबडी बांधू, बिबट्या आला की झकास व्हिडिओ मिळेल... ते ऐकून मला एक माणूस आठवला. म्हणून सांगतो. ऐकीव नाही हे. ज्याच्यावर बेतलं त्यानं समोर बसून मला सांगितलंय, आणि तो आजही बेलापूरच्या खालच्या अंगाला प्रवरेच्या काठी राहतो. मी कारखान्यात चिटबॉय होतो, कुणाचा ऊस कधी तोडायचा त्याच्या चिठ्ठ्या वाटायचो, तेव्हापासून आमची ओळख. हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्या.

त्याचं नाव आदिनाथ. माणूस वाईट नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो. हौशी. एकदा डोक्यात घेतलं की घेतलं. कुठल्याशा परदेशातल्या पावसाळी जंगलाचा व्हिडिओ त्यानं मोबाईलवर बघितला. नदीच्या काठाला लाकडी खोल्या, लोक सज्जात बसून चहा पितात आणि समोर पाण्यावर जनावरं येतात. झालं! आपल्याकडं नदी आहे, ऊस आहे, उसात बिबटे आहेत, मग कमी काय आहे? नदीकाठच्या उंचवट्यावर पत्र्याच्या दोन खोल्या उभ्या राहिल्या, बाहेरून बांबू लागले, जांभळीच्या झाडावर मचाण झालं. जनावर बुजू नये म्हणून मचाणाखाली लाल दिवा आला. 'प्रवराकाठ मुक्काम, बिबट्या बघा' अशी पाटी रस्त्याला लागली. गाव पोट धरून हसलं. ज्याच्या भीतीनं आपण रात्री पाणी धरायला दोघं-दोघं जातो, तो बघायला पुण्याची माणसं पदरचं पेट्रोल जाळून येणार होती.

आणि आली की माणसं. बिबट्या मात्र येईना. दिवाळीपासून एकाही पाहुण्याला त्याचं शेपूटसुद्धा दिसलं नाही. उसात असतो तो, पण मचाणासमोर येऊन उभा राहायला तो काय आदिनाथचा सालगडी आहे? पाहुणे पिठलं-भाकरी खायचे, रात्रभर डास मारायचे आणि घरी जाऊन नेटवर लिहायचे, जेवण उत्तम, जनावर नाही. आदिनाथला ते फार लागायचं. बायकोनं, राजेश्वरीनं, एकदा गमतीत म्हटलं, "अवो, मीच घोंगडं पांघरून हिंडते मचाणाखाली." तर दोन दिवस तो तिच्याशी नीट बोलला नाही.

दोन हजार चोवीसची गोष्ट. सव्वीस जानेवारी शुक्रवारी आली होती, जोडून सुट्ट्या. पुण्याचे एक डॉक्टर आणि त्यांच्या मिसेस मुक्कामाला यायचे होते, चांगला हातभर लांब भिंगाचा कॅमेरा घेऊन. आदिनाथ झेंडावंदन उरकून बेलापूरला बाजरीचं दळण आणायला गेला. गिरणीत नंबर लावून उभा होता, तेवढ्यात फोन वाजला. त्याच्या शेतात त्या दिवशी ऊसतोड चालली होती. पाथर्डीकडची टोळी होती आणि फोन टोळीतल्या हनुमंताचा होता.

"मालक, तोड थांबिवली. बायडाला पाचटात दोन पिल्लं घावलीत. वाघाची."

दळण तिथंच टाकून तो निघाला. हनुमंताच्या बायकोनं, बायडाबाईनं, पिल्लांच्या भोवतीचा ऊस तसाच उभा ठेवला होता. उसाच्या वाळक्या पाल्यात दोन गोळे पडलेले. मांजराच्या पिलाएवढे. डोळे नुकते उघडलेले, निळसर. आदिनाथची पोरगी पंकजा तेव्हा तीन वर्षांची, सगळे तिला पंकू म्हणत. ती आईच्या कडेवरून वाकून वाकून बघत होती आणि एकच विचारत होती, "यांची आई कुटं गेली?"

"येती रात्री," राजेश्वरी म्हणाली. "येती आन मानगुटीला धरून घेऊन जाती."

हे आपल्याकडं शेंबड्या पोराला ठाऊक आहे. वनखात्याचा आसाराम आला, त्यानंही तेच केलं जे दर हंगामात करतो. पिल्लं तपासली, टोमॅटोच्या क्रेटमध्ये पाचट अंथरलं, पिल्लं त्यात ठेवली आणि क्रेट जिथल्या तिथं ठेवलं. रात्री कॅमेरा लावायचा, पण त्याचा कॅमेरा पुणतांब्याकडं अडकला होता. तेवढ्यात दुसऱ्या गावात बिबट्या विहिरीत पडल्याचा त्याला फोन आला. निघताना तो म्हणाला, "आदिनाथभाऊ, हाय त्या जागंवर राहू द्या. हलवायची न्हाईत, जवळ कुनी थांबायचं न्हाई. ती बरोबर येती. सकाळी मला फोन करा."

आदिनाथला हे सांगायची गरजही नव्हती. आदल्याच वर्षी चुलत्याच्या रानात त्यानं स्वतः क्रेट ठेवलं होतं, आणि सकाळी ते रिकामं बघून गावाला पेढेसुद्धा वाटले होते.

संध्याकाळी डॉक्टर मचाणावर चढले. त्यांना सगळं कळलं होतं. त्यांनी भिंग इकडं फिरवलं, तिकडं फिरवलं. मध्ये उभ्या उसाचा पट्टा, आणि क्रेट त्याच्या पलीकडं.

"इथून काहीच दिसणार नाही का हो?" एवढंच ते म्हणाले. तसे सज्जन होते. क्रेट हलवा, असं त्यांनी कधीच म्हटलं नसतं.

म्हणायला आदिनाथच पुढं झाला. "दिसंल की! थांबा तुमी."

दिवस मावळताना तो उसाच्या पलीकडं गेला, क्रेट उचललं आणि मचाणासमोरच्या मोकळ्या जागेत, लाल उजेडात आणून ठेवलं. एका पट्ट्याचं तर अंतर. आई आहे, वासावर येईल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. पिल्लं चाचपडत होती. एकानं त्याचं बोट तोंडात धरलं. ते त्यानं सोडवून घेतलं.

पिठूर चांदणं पडलं होतं आणि थंडी मरणाची होती. पाहुणे आणि आदिनाथ वर बसले, राजेश्वरी पंकूला घेऊन घरात झोपली.

उशिरा ती आली. आधी दिसली नाही, ऐकू आली. करवतीनं लाकूड कापावं तसा आवाज. खर्र... खर्र... पिल्लं जिथं होती, तिथून. मग थांबला. मग पाचट वाजायला लागलं. ती शोधत होती. इकडून तिकडं, परत तिकडून इकडं. क्रेटमधून पिल्लं ओरडली, अगदी बारीक. ती उसाच्या कडेला आली. लाल उजेडात दोन डोळे दिसले, आणि डॉक्टरांचा कॅमेरा खटखटला.

ती मागं फिरली. परत आली, परत फिरली. लाल दिवा, माणसांचा वास, वरून येणारी ती खटखट. पिल्लं समोर आणि मध्ये आपण.

आदिनाथच्या मनात आलं, उतरावं, दिवा मालवावा, पाहुण्यांना खोलीत न्यावं आणि क्रेट जागेवर ठेवावं. मग वाटलं, आत्ता उतरलो तर अंगावर येईल. मग वाटलं, येईलच की थोड्या वेळानं. आणि खरं सांगायचं तर डॉक्टर सारखे त्याच्या पाठीवर थाप मारून "वा, आदिनाथराव!" म्हणत होते, आणि इतक्या दिवसांनी ते ऐकून त्याला बरं वाटत होतं. हे त्यानं मला सांगितलं, तेव्हा त्याची मान खाली होती ती वर झाली नाही.

तो बसल्याबसल्या झोपला. उजाडताना, पाहुणे वर झोपेत असतानाच, खाली उतरून बघतो तर पाचटावर दव, आणि दोन्ही पिल्लं एकमेकांना चिकटून ताठ झालेली.

घरात कुणी उठायच्या आत त्यानं ती नदीच्या वाळूत पुरली. क्रेट धुतलं. आसारामला फोन लावला. "नेली, दादा. दोन्ही नेली." डॉक्टरांच्या मिसेसनी चहा पिताना विचारलं, तर त्यांनाही हेच सांगितलं. त्या बिचाऱ्या डोळे पुसत हसल्या. राजेश्वरीलाही हेच. तिनं पंकूला कडेवर घेऊन रिकामी जागा दाखवली, "बघ, आली आन नेली." आणि पंकूला रोज रात्री झोपताना तीच गोष्ट लागायला लागली. राजेश्वरी सांगायची आणि आदिनाथ भिंतीकडं तोंड करून ऐकायचा. ऐकायचा म्हणजे काय, दुसरं करणार काय?

डॉक्टरांचा फोटो भलताच गाजला. आदिनाथचा फोन थांबेना. दोन्ही खोल्या भरायला लागल्या. जे हवं होतं ते सगळं मिळालं आणि अन्न गोड लागेना.

कारण ती रोज येत होती. उसाच्या पलीकडं, त्याच जागेवर. पाहुणे खुश व्हायचे, ऐका, ऐका, बिबट्या! आदिनाथला कळत होतं ती काय शोधतेय. त्याच्या एकट्यालाच कळत होतं.

आठवडाभरानं ती रस्त्यावर मेलेली सापडली. रात्री कुठल्याशा गाडीनं उडवलं होतं. उचलायला माणसं हवी होती, त्यात आदिनाथही होता. टेम्पोत चढवताना तिचं डोकं त्याच्या हातावर आलं. आसाराम म्हणाला, "ही तुमच्या रानातलीच. आता पिल्लं कुटं असतील बिचारी? उपाशी मरतील. हुडकायला पायजेत."

तिथं तोंड उघडायची वेळ होती. आदिनाथनं टेम्पोचं फळकं वर ओढून कडी घातली.

मग सगळं गाव उसात शिरलं. दिवसभर सरी-सरीतून माणसं वाकून बघत होती. बायडाबाई आणि हनुमंतानं आपली तोड सोडली, राजेश्वरीनं सगळ्यांना चहा केला. आदिनाथही हातात काठी घेऊन सगळ्यांबरोबर हिंडत होता. जी पिल्लं स्वतःच्या हातानं वाळूत पुरली, तीच उसात वाकून वाकून शोधत होता. अंधार पडला तेव्हा आसारामनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, "लई कष्ट घेतले भाऊ तुमी." तो बांधाआड जाऊन ओकला.

आता ती रात्र. नऊ फेब्रुवारी, शुक्रवार, पौषातली अमावस्या. आदिनाथनं त्या दिवशीचे पाहुणे परत पाठवले होते, काहीतरी कारण सांगून. बारा वाजता लाईट आली. तोडलेल्या रानात खोडव्याला, खोडांतून परत फुटणाऱ्या उसाला, पहिलं पाणी द्यायचं होतं. दुसरं कुणी यायला तयार नव्हतं, अमावस्या म्हणून. बॅटरी घेऊन तो एकटाच गेला. मोटार चालू केली. पाणी सरीला लागलं. तो बांधावर उभा राहिला.

खर्र...

त्याला वाटलं मोटार. त्यानं कान दिला. मोटार तर नीट चालली होती.

खर्र... खर्र...

नदीकडून. वाळूतून.

दुसरा असेल, तो स्वतःशी म्हणाला. उसात काय एकच बिबट्या आहे? पण हा आवाज तो रोज ऐकत आला होता. अंथरुणात, भिंतीकडं तोंड करून. हा दुसऱ्या कुणाचा नव्हता.

आवाज वाळूत थांबला. बराच वेळ. तिथं काय आहे, ते त्याला माहीत होतं...

मग वर आला. जांभळीपाशी. मचाणाखाली. तिथंही थांबला.

बॅटरी त्याच्या हातात होती. लावायची हिंमत झाली नाही.

मग पाचट वाजलं. हळूहळू. त्याच्याकडं नाही. त्याला ओलांडून... पलीकडं.

घराकडं.

आणि मग काहीच नाही.

तो पळाला. चप्पल चिखलात राहिली. दार बंद होतं. आतून कडी. त्याला हायसं वाटलं, म्हणाला, त्या कडीला हात जोडावेसे वाटले. त्यानं थापा मारल्या. राजेश्वरीनं झोपेतच कडी काढली.

"पंकू कुटाय?"

"काय झालं? ही काय माझ्याजवळ..."

गोधडी होती. गोधडीत खळगा होता. अजून गरम.

पंकू नव्हती.

खिडकीला गज. मागचं दार नाहीच. राजेश्वरीनं पलंगाखाली बघितलं. चुलीपाशी बघितलं. परत पलंगाखाली बघितलं. मग तिनं जी किंकाळी फोडली... जाऊ द्या. "रस्त्याकडं बघा! नदीकडं बघा! अवो, उभे काय राहिलाय?"

तो उभा होता, कारण त्याला कळलं होतं. कुठं जायचं ते.

तो नदीकडं गेला नाही. रस्त्याकडं गेला नाही. मचाणाजवळून गेला, पण मान वर केली नाही. उसाच्या पट्ट्याला वळसा घालून तोडलेल्या रानात शिरला. पाणी सुटलेलंच होतं. सगळ्या सऱ्या भरून वाहत होत्या. गुडघ्यापर्यंत चिखल. अंधार असा की स्वतःचा हात दिसेना.

त्यानं बॅटरी लावली.

जिथं बायडाबाईला पिल्लं सापडली होती... जिथं आसारामनं क्रेट ठेवलं होतं... बरोब्बर तिथं. चिखलात कोरड्या पाचटाचा एक तुकडा. त्यावर पंकू. अंगाचं मुटकुळं करून. डोळे मिटलेले.

तो थांबला. पुढं पाऊल टाकवेना. हात लावला आणि गार लागली तर? ती दोन गार पिल्लं त्याच्या हातांनी उचलली होती. त्या हातांना माहीत होतं, गार म्हणजे काय.

उसाच्या कडेला कुणीतरी होतं. त्याला दिसलं नाही. बॅटरी तिकडं फिरवायची छाती झाली नाही. पण होतं. बसून होतं. बघत होतं... येतो का, म्हणून. न्यायला येतो का.

तो चिखलात गुडघ्यावर बसला. हात पुढं केला.

पोर गरम होती.

त्यानं तिला उचलून छातीशी धरली आणि तिथंच तो रडायला लागला, मोठ्यानं, लहान मुलासारखा. उसाच्या कडेचं पाचट एकदा वाजलं. दूर गेलं. थांबलं.

पंकूनं अर्धवट डोळे उघडले.

"कुनी आनलं गं तुला हितं?" त्यानं विचारलं.

"आईनं," ती म्हणाली, आणि परत झोपली.

आई तर मागून अनवाणी, केस सुटलेली, चिखलातून पडत-उठत येत होती. तिनं पोरीला ओढून घेतलं, चाचपलं, हात, पाय, पोट. कुठं ओरखडा नाही. पायाचे तळवे तर कोरडे. चिखलाचा ठिपका नाही. एवढ्या भिजल्या रानातून पोर चालत आली नव्हती, हे कुणालाही कळावं.

तिथंच, त्या पाण्यात उभं राहून, आदिनाथनं बायकोला सगळं सांगितलं. लाल दिवा, क्रेट, वाळू, फोन. तिनं पोरीला पदराखाली घेतलं. त्याचं संपल्यावर म्हणाली, "तुमी तिची दिली न्हाईत. तिनं आपली दिली." आणि पोरीला घेऊन चालायला लागली. त्याच्यासाठी थांबली नाही.

सकाळी त्यानं आसारामला बोलावून वाळू उकरून दाखवली. केस झाली, तारखा अजून चालू आहेत. आसारामनं शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं, म्हणाला. त्यानं फक्त टोपी काढली आणि नदीकडं बघत उभा राहिला. मचाण आदिनाथनं स्वतः तोडलं. राजेश्वरी त्याच्याशी बोलते, संसार आहे, बोलावं लागतं. पंकूला गोष्ट सांगणं मात्र तिनं बंद केलं. उसातला तो करवतीसारखा आवाज त्या रात्रीनंतर कुणी ऐकलेला नाही. आदिनाथ म्हणतो, ऐकू आला असता तर झोप लागली असती.

हस ना ओम, आता का हसत नाहीस?

मी म्हणालो असतो की पोर झोपेत उठून गेली. कडी बाईनंच झोपेत काढली आणि लावली. माणूस घाबरला की त्याला काहीही ऐकू येतं. असंच म्हणालो असतो मी. पण मागच्या महिन्यात त्यांच्याकडं गेलो होतो. पंकू आता पाच वर्षांची झाली, बालवाडीत जाते. राजेश्वरी ओट्यावर बसून तिची वेणी घालत होती. मला बघून तिनं घाईनं केस खाली ओढले, पण मी बघितलं होतं. पोरीच्या मानेवर, मागं, जिथं केस सुरू होतात तिथं चार ठिपके आहेत. दोन वर, दोन खाली. जखम कधी झालीच नव्हती, रक्ताचा थेंब आला नव्हता. श्रीरामपूरच्या डॉक्टरांनी तीनदा मलम बदलून दिलं. तेवढ्या चार जागी पोरीला केस येत नाहीत.